दुसऱ्या बाजूची दहा गाणी

१९ सप्टेंबर १९८१. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात फुकट कार्यक्रम होता आणि हिरवळीवर पाच लाखांच्या आसपास माणसं जमली होती. १९७० साली फुटलेली पॉल सायमन आणि आर्ट गार्फंकेल यांची जोडी त्या रात्री पुन्हा एकत्र गायली. आलेल्या गर्दीला आपले जुने दिवस परत हवे होते आणि त्या दोन आवाजांनी ते भरभरून दिले. पण मध्येच सायमन एकटा उभा राहिला आणि कुणी न ऐकलेलं एक नवं गाणं त्यानं सुरू केलं. गाणं होतं गोळी लागून गेलेल्या गायकांचं. बीटल्सच्या जॉन लेननला मारून तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं, आणि ज्या इमारतीच्या दाराशी ते घडलं ती त्या पार्काला लागूनच आहे. गाणं चालू असताना एक माणूस धावत मंचावर चढला. त्याला सायमनशी बोलायचं होतं. लोकांनी त्याला धरून बाजूला नेलं. सायमननं गाणं पुरं केलं. पुढच्या वर्षी त्या कार्यक्रमाचा अल्बम निघाला, त्यात हे गाणं नव्हतं.

ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल. पाच लाख माणसं जुनं मागत असताना हा माणूस आपलं अर्धवट ओलं गाणं घेऊन उभा राहतो, हे बघून मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते. त्याच्या पुढच्या अल्बमचं, 'हार्ट्स अँड बोन्स'चं, काय होणार, याची कुणकुण त्या रात्रीच लागायला हवी होती.

जोडीचे दौरे झाले. नवा अल्बमही दोघांच्या नावानं निघणार असं जाहीर झालं. गार्फंकेलनं काही गाण्यांत आवाजही भरला. पण गाणी सायमनची होती. पहिलं लग्न, दुसरं प्रेम, स्वतःच्या डोक्यातला गोंधळ, सगळं त्याच्या घरातून आलेलं. अखेर त्यानं गार्फंकेलचा आवाज टेपवरून पुसला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये 'हार्ट्स अँड बोन्स' एकट्याच्या नावानं काढला. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. ज्याच्या १९७५ च्या अल्बमला ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून मान मिळाला होता, त्याचा हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ३५ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही. काही समीक्षकांनी मनापासून वाखाणलं. पण लोकांनी पाठ फिरवली.

माझं म्हणणं असं की या अल्बममध्ये काय आहे, यावरून त्याचा निवाडा झालाच नाही. त्यात कोण नाही, यावरून झाला. लोकांचे कान दुसऱ्या आवाजाची वाट बघत होते, तो आलाच नाही, मग पहिला आवाज काय सांगतोय ते ऐकायला कोण थांबतंय? पुढे १९८६ मध्ये सायमनचा 'ग्रेसलँड' आला, जगभर गाजला, आणि मग जाणकार मंडळी या अल्बमकडे वळली. तीही म्हणायला लागली की बघा, इथं 'ग्रेसलँड'ची तयारी दिसते. म्हणजे आधी मागच्या गोष्टीच्या मापानं मोजला, नंतर पुढच्या. त्याच्या स्वतःच्या मापानं कधी मोजणार?

मलाही तो 'ग्रेसलँड'च्या पाठीवर बसूनच मिळाला. माझा मावसभाऊ मुंबईत नोकरीला होता. गणपतीला घरी येताना तो कॅसेटी भरून आणायचा. त्यातली एक टीडीकेची नव्वद मिनिटांची होती. एका बाजूला 'ग्रेसलँड', दुसऱ्या बाजूला 'हार्ट्स अँड बोन्स'. दोन्ही अल्बम पंचेचाळीस मिनिटांच्या आत बसतात, म्हणून दादानं ती मोट बांधली असावी. आतल्या कार्डावर त्याच्या बारीक, तिरक्या अक्षरात गाण्यांची नावं होती. दुसऱ्या बाजूला 'रेने अँड जॉर्जेट मॅग्रिट विथ देअर डॉग आफ्टर द वॉर' हे लांबलचक नाव एका ओळीत मावलं नव्हतं, म्हणून 'आफ्टर द वॉर' खाली, रेघेच्या बाहेर, कडेला चिकटून लिहिलेलं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात टू-इन-वन सोप्यात असायचा आणि तिथं वाजलेलं सगळ्यांना ऐकू जायचं. 'ग्रेसलँड' सगळ्यांना आवडायचा. इंग्रजीचा गंध नसलेल्या शेजारच्या काकूसुद्धा त्यातल्या गिटारीवर मान हलवत शेंगा सोलायच्या. बाजू उलटली की दोन गाण्यांत कुणीतरी म्हणायचंच, "ते आधीचं लाव की गं." सगळ्यांचं लाडकं 'यू कॅन कॉल मी अल' मागे घेऊन घेऊन एके दिवशी टेप हेडमध्ये अडकली. पेन्सिल घालून ती गुंडाळली खरी, पण तिथं कायमची सुरकुती पडली. टेप एकच, तिच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी. त्यामुळे पहिल्या बाजूची ती सुरकुती दुसऱ्या बाजूला नेमकी 'थिंक टू मच'च्या मधोमध आली. तिथं आवाज क्षणभर बुडायचा आणि वर यायचा. पुढे सीडीवर ते गाणं सलग ऐकलं तेव्हा त्या जागी मी अजूनही दबकत होते.

दुसरी बाजू मी ऐकायची ती रात्री, सगळी झोपल्यावर, आवाज बारीक करून. त्या अल्बमला तसंच ऐकणं मानवतं. सायमन त्यात आवाज वर नेत नाही. बोलण्याच्या अगदी जवळ राहून गातो, आणि बोलता बोलता सूर सोडत नाही. हे फार अवघड काम आहे. गाणं शिकलेल्या कुणालाही विचारा.

अल्बमच्या नावाचं गाणं एका हिशेबानं सुरू होतं. तो पूर्ण ज्यू, ती वडिलांकडून निम्मी, म्हणजे दोघं मिळून दीड. ती म्हणजे अभिनेत्री कॅरी फिशर. दोघं न्यू मेक्सिकोतल्या सांग्रे दे क्रिस्तोच्या डोंगरांत फिरताहेत. गिटार आणि मरिंबा एकमेकांच्या आगेमागे चालत राहतात, ढोल कुठं ठणठणत नाही. मग लग्नाची आठवण येते, आणि तिच्या पाठोपाठ भांडण. ती म्हणते, रात्रभर गाडी हाकू आणि सकाळी मेक्सिकोत उठू. तो म्हणतो, मला मेक्सिकोचं काही माहीत नाही. ती विचारते, मी जशी आहे, जिथं आहे, तशीच मी तुला का चालत नाही? त्याचं उत्तर असं की जगाची रीतच तशी नाही. बास. दोघं आपापल्या किनाऱ्याला परततात. ऑगस्ट १९८३ मध्ये त्यांचं लग्न झालं, तीन महिन्यांत हा अल्बम आला, आणि पुढच्या वर्षी घटस्फोट. लग्नाच्या आधी रचलेल्या गाण्यात लग्न मोडल्यानंतरचा थकवा कसा काय उतरला असेल?

एकदा गगनबावड्याला जाताना गाडीत हे गाणं लागलं. पावसाळा होता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, काच पुसत पुसत चाललो होतो. ह्यांना इंग्रजी गाण्यांचं वेड नाही, पण शब्द कळतात. गाणं संपल्यावर ह्यांनी विचारलं, "ह्यात चुकलं कुणाचं म्हणायचं?" मी म्हटलं, कुणाचंच नाही. "असं कसं? तिनं विचारलं ते सरळ होतं. त्यानं सरळ उत्तर दिलं नाही." मी सायमनची बाजू घेतली, म्हटलं तो निदान खोटं तरी बोलला नाही. त्यावर आमची जी जुंपली ती घाट दिसेपर्यंत. गंमत म्हणजे दोघांनाही ते गाणं आपल्या बाजूचं वाटत होतं. ज्यानं लिहिलं त्यानं स्वतःला सूट दिलेली नाही, म्हणून ते होतं. आपल्याच भांडणाचं गाणं करताना समोरच्या माणसाच्या तोंडी जास्त खरं वाक्य देणं, ही मोठी माणुसकी आहे.

'थिंक टू मच' नावाची गाणी अल्बमात दोन आहेत आणि त्यातही 'बी' आधी येतं, 'ए' नंतर. एक संथ, दुसरं नाचरं. दुसऱ्यात शिक या डिस्को गाजवणाऱ्या बँडचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स वाजवतात. फार विचार करणारा माणूस प्रेमात कसा अडखळतो, हा दोन्हींचा विषय. त्यानं एक गाणं लिहिलं, मग वाटलं हे पुरेसं नाही, म्हणून पुन्हा लिहिलं, आणि दोन्ही ठेवली. विचार करणाऱ्या माणसाचा स्वभाव याहून चांगला कसा दाखवणार?

सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. 'कार्स आर कार्स' मला कधीच आवडलं नाही. 'व्हेन नंबर्स गेट सीरियस' हुशार आहे आणि तेवढंच आहे. 'ॲलर्जीज'मध्ये अल डी मिओलाची सुसाट गिटार आहे, पण त्या गाण्यावर त्या काळातल्या स्टुडिओची झिलई इतकी चढलीय की अल्बम त्यानंच का सुरू केला, याचं मला कोडं आहे. पहिल्याच गाण्याला लोकांनी सुई उचलली असेल तर त्यांना फार दोष देता येत नाही. पाच गाण्यांच्या दोन बाजूंत क्रम थोडा बदलला असता तर त्या वर्षी आणखी काही हजार माणसं तरी थांबली असती, असं मला वाटत राहतं.

मॅग्रिटच्या गाण्यापाशी मात्र मी कुणालाही थांबवीन. बेल्जियमचा हा चित्रकार आणि त्याची बायको यांच्या एका फोटोखालची ओळ सायमनला दिसली आणि त्यावरून गाणं झालं. गाण्यात ते नवरा-बायको न्यूयॉर्कमध्ये हिंडतात, हॉटेलात नाचतात, बड्या लोकांबरोबर जेवतात. आणि त्यांच्या कपाटाच्या आत लपवलेलं काय सापडतं, तर पेंग्विन्स, मूनग्लोज, ओरिओल्स, फाइव्ह सॅटिन्स. सायमनच्या पोरवयात न्यूयॉर्कच्या कोपऱ्याकोपऱ्यावर गायली जाणारी, वाद्यांपेक्षा गळ्यांवर चालणारी गाणी म्हणणारी ही मंडळी. मागे साथीला हार्पटोन्स गातात, तेही त्याच काळातले. युरोपातल्या थोर चित्रकाराच्या कपाटात आपल्या गल्लीतलं संगीत ठेवून देण्याची ही कल्पना मला हलवून सोडते. माझ्या आजीच्या लोखंडी ट्रंकेत, नऊवारींच्या घडीखाली, नाट्यसंगीताच्या तबकड्या होत्या. घरात ग्रामोफोन केव्हाच नव्हता राहिला. पण दिवाळीच्या आवराआवरीत ती ट्रंक उघडायची, तबकड्या बाहेर काढून पदरानं पुसायची आणि पुन्हा तशाच ठेवायची. मॅग्रिटचं गाणं ऐकताना मला ब्रुसेल्स दिसत नाही, ती ट्रंक दिसते.

अल्बमचं शेवटचं गाणं तेच, सेंट्रल पार्कात मध्येच तुटता तुटता राहिलेलं. 'द लेट ग्रेट जॉनी एस'. जॉनी एस हा टेक्सस-टेनेसीकडचा लोकप्रिय गायक. १९५४ च्या नाताळच्या दिवशी ह्यूस्टनमध्ये पिस्तुलाशी खेळताना स्वतःच्याच हातून त्याला गोळी लागली आणि तो गेला. गाण्यातला पोरगा ही बातमी रेडिओवर ऐकतो. त्याची फारशी गाणी त्याला आवडतही नसतात, तरी मन उदास होतं. तो पत्र पाठवून त्याचा फोटो मागवतो. मग १९६४ चं लंडन, बीटल्सचं वर्ष. मग डिसेंबरमधली एक थंड रात्र, रस्त्यात एक अनोळखी माणूस थांबवून विचारतो, जॉन लेनन गेला, ऐकलंत का? दोघं एका बारमध्ये शिरतात आणि बार बंद होईपर्यंत गाणी लावत बसतात.

२९ जुलै २००२ ला बाबूजी, सुधीर फडके गेले. ते कोल्हापूरचे, इथंच जन्मलेले, त्यामुळे गावात ती बातमी घरातल्या माणसासारखी आली. मी महाद्वार रोडवर होते. एका कॅसेटच्या दुकानात मालकानं बाहेरच्या बाजूला तोंड करून स्पीकर ठेवला होता आणि बाबूजींची गाणी एकामागून एक लावली होती. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, रिक्षावाले, अंबाबाईच्या दर्शनाहून परतणारी माणसं तिथं उभी राहत, एक गाणं ऐकत आणि पुढं जात. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, ओळख ना पाळख, मला विचारलं, "बाई, कळलं न्हवं?" मी मान डोलावली. आम्ही दोन गाणी शेजारी उभं राहून ऐकली. त्या रात्री घरी येऊन मी ती कॅसेट काढली.

हेच गाणं मी माझ्या मास्तरांनाही ऐकवलं होतं. मी त्यांच्याकडे पेटी शिकायला जायचे. उभा जन्म कोल्हापूरच्या देवल क्लबात गाण्याच्या बैठका ऐकण्यात गेलेला, पाश्चात्य संगीताशी काही देणंघेणं नाही. डोळे मिटून त्यांनी अखेरपर्यंत ऐकलं. गाणं संपल्यावर मिनिटभर नुसती वाद्यं वाजतात, बासरी, क्लॅरिनेट, तंतुवाद्यं, घुमत घुमत राहणारी. ती संपल्यावर मास्तर म्हणाले, "शेवटचा तुकडा ह्यानं बांधलेला न्हाई. हात दुसऱ्याचा हाय." दादाच्या कार्डावर त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. कितीतरी वर्षांनी मी वाचलं, तो भाग फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकारानं रचला आहे. तोवर मास्तर राहिले नव्हते.

त्या दिवशी मी त्यांना अल्बमची हकिकत सांगितली. लोकांनी नाकारलं, मग तीन वर्षांत त्यानं असं काही केलं की जग डोक्यावर घेऊन नाचलं. मास्तरांनी अर्थातच अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट काढली. कोल्हापुरात गाण्याची कुठलीही गोष्ट अखेर तिथंच जाते. आमलेट्याच्या संस्थानात चाकरीला असताना गाऊन गाऊन खाँसाहेबांचा आवाज बसला, तो पुष्कळ दिवस आलाच नाही. आला तेव्हा पहिल्यासारखा नव्हता. मग त्या बदललेल्या गळ्याला पेलेल अशी, लयीला बांधलेली, वळणावळणाची गायकी त्यांनी घडवली. १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या पदरी ते कोल्हापूरला आले आणि जयपूर-अत्रौली घराणं इथं रुजलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर, सगळे त्याच मुळाचे. "आवाज गेला नसता तर घराणं झालं नसतं बघ," मास्तर म्हणाले.

मास्तरांचा शब्द मी सहसा खोडत नाही. पण ह्या गोष्टीचं हे तात्पर्य मला पटत नाही. आवाज गेलेल्या माणसाला पुढच्या घराण्याचं काय? रोज पहाटे उठून, गळ्यातून काही येत नसताना तो काय करत असेल, हे मला जाणून घ्यायचंय. खाँसाहेबांच्या त्या दिवसांचं काही उरलेलं नाही, त्यांचं गाणंच ध्वनिमुद्रणात राहिलेलं नाही. सायमनचे ते दिवस मात्र दहा गाण्यांत जसेच्या तसे आहेत. जोडीदार गमावलेला, संसार डुगडुगणारा, बाजारातली पत घसरायला लागलेली, आणि तरीही एकेक शब्द तोलून गाणारा माणूस. नंतर त्याला कुणीतरी दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधल्या अकॉर्डियनच्या गाण्यांची कॅसेट दिली, ती तो गाडीत ऐकत राहिला, फेब्रुवारी १९८५ मध्ये जोहान्सबर्गला गेला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ती कॅसेट त्याला मिळाली नसती तरी ही दहा गाणी इतकीच मोलाची होती.

आमच्या ओळखीतला एक गायक आहे. स्वतः लिहितो, स्वतः चाली बांधतो. पूर्वी तो आणि त्याचा मित्र जोडीनं गायचे. मित्र पुण्याला गेला, हा एकटा राहिला, आणि एकट्यानं केलेल्या नव्या गाण्यांचा कार्यक्रम त्यानं केशवराव भोसले नाट्यगृहात लावला. (ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, त्या जागेवरून जाताना अजून पोटात कालवतं.) तिसऱ्या गाण्यानंतर फर्माइशींच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. सगळ्या जुन्या, जोडीच्या गाण्यांच्या. त्यानं एकेक चिठ्ठी वाचली, हसून खिशात ठेवली आणि नवीच गाणी गात राहिला. मध्यंतरानंतर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यातली दोन गाणी त्याच्या सगळ्या कामात मला वरची वाटतात. ती अजून कुणी त्याला मागत नाही. मी मात्र दर कार्यक्रमात चिठ्ठी पाठवते.

२००४ मध्ये 'हार्ट्स अँड बोन्स' पुन्हा निघाला, त्यात काही कच्चे नमुनेही दिले आहेत. मॅग्रिटचं गाणं, 'ट्रेन इन द डिस्टन्स' आणि जॉनी एस, नुसती गिटार आणि आवाज. ना हार्पटोन्स, ना ग्लास, ना स्टुडिओची झिलई. गार्फंकेलची जागा कुठं होती हे शोधायला म्हणून मी ते कान देऊन ऐकले. मला ती जागा सापडली नाही. गाणी मुळातच एका माणसाच्या बसण्याइतक्या जागेत रचलेली आहेत.

तेव्हा कुणी मला विचारलं की हा अल्बम कसा ऐकावा, तर मी सांगते: 'ॲलर्जीज' आधी लावू नका. सरळ दुसऱ्या गाण्यापासून सुरू करा. 'कार्स आर कार्स' वगळलं तर काही बिघडत नाही. मॅग्रिट दोनदा ऐका. जॉनी एसच्या शेवटी गाणं संपलं असं वाटून बंद करू नका, पुढं मिनिटभर ग्लास आहे. आणि तो संपला की लगेच 'ग्रेसलँड' लावायची घाई करू नका. तो दुसऱ्या दिवशी ऐका.